विश्लेषण : तळमजल्यावरची ‘तयार’ खोली घरात मोजायची की वाहनतळात?

‘तळमजला, ७०० चौरस फूट, नवी फरशी, स्वतंत्र प्रवेश, लगेच ताबा.’ अशी जाहिरात पाहून एखादे कुटुंब मुंबईच्या उपनगरात, ठाण्यात किंवा पुण्यात जागा बघायला जाते. घरात वयस्कर आई-वडील असतात, चार मजली इमारतीला लिफ्ट नसते, त्यामुळे तळमजला म्हणजे मोठी सोय. व्यवहार ठरतो, टोकन दिले जाते, कर्जाचा अर्ज होतो. मग बँकेच्या मूल्यनिर्धारकाचा अहवाल येतो आणि त्यात क्षेत्रफळ लिहिलेले असते ५०० चौरस फूट. उरलेले २०० चौरस फूट गेले कुठे? ते जागेवरच असतात. तिथे पलंग असतो, कपाट असते, कदाचित न्हाणीघरही असते. पण मंजूर नकाशात त्या जागी मोटार उभी करण्याची जागा दाखवलेली असते.

जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाला वेग आल्यापासून हा प्रश्न घरोघरी पोहोचला आहे. बहुकुटुंबी इमारतीत तळमजल्यावर भिंती घालून, फरशी बसवून ‘तयार’ केलेली जागा मूल्यांकनात कोणत्या वर्गात धरायची? घर म्हणून, वाहनतळ म्हणून की मोजायचीच नाही? उत्तर चुकले तर कोणाची तरी आयुष्यभराची बचत अडकते.

तळमजल्यावर कोणकोणत्या जागा असतात?

वरच्या मजल्यांवर सहसा गोंधळ नसतो, कारण तिथे सदनिका असतात आणि त्यांच्यामध्ये जिना किंवा मोकळी वाट. तळमजला मात्र मिश्र असतो. अनेक इमारतींच्या नकाशावर ‘अंशतः तळमजला, अंशतः स्टिल्ट’ असा शेरा असतो. म्हणजे एका बाजूला रीतसर मंजूर सदनिका किंवा दुकाने आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या खांबांवर उभी असलेली, वाहनांसाठी मोकळी सोडलेली जागा. त्याशिवाय विजेच्या मीटरची खोली, पहारेकऱ्याची खोली, पंपघर, सोसायटीचे कार्यालय हेही तिथेच असते. आणि इमारत ते कुंपणाची भिंत यांमधली मोकळी जागाही तळमजल्यालाच लागून असते.

या प्रत्येक जागेचे कधी ना कधी ‘घर’ केले जाते. स्टिल्टच्या दोन खांबांमध्ये विटांची भिंत चढते. गॅरेजचे शटर जाऊन तिथे दार-खिडकी येते. तळमजल्याच्या सदनिकेपुढे ग्रील आणि पत्रे टाकून मोकळी जागा आत घेतली जाते. सोसायटीच्या कार्यालयात व्यवस्थापकाचे कुटुंब राहू लागते. वीस-पंचवीस वर्षांनी पाहणाऱ्याला ही सगळी बांधकामे सारखीच दिसतात, कारण रंग एक, फरशी एक आणि वीजही सगळीकडे आलेली. कागदावर मात्र प्रत्येकाचा वर्ग वेगळा असतो. मूल्यनिर्धारकाचे काम दिसते ते मोजण्यापुरते नसते. जे दिसते ते कागदाशी ताडून पाहावे लागते.

वर्ग फरशी ठरवते की नकाशा?

याचे मूळ एफएसआयमध्ये, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकात आहे. भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल याची मर्यादा या निर्देशांकाने ठरते. वाहनतळासाठी सोडलेला स्टिल्ट, मीटरची खोली, ठराविक मर्यादेपर्यंतचे सोसायटी कार्यालय या जागा त्या हिशेबातून वगळल्या जातात. ही सवलत अटीवर मिळालेली असते. ती जागा त्याच कामासाठी वापरली जाईल, ही ती अट. मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ असो किंवा उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित नियमावली असो, तत्त्व हेच आहे.

म्हणून स्टिल्ट बंद करून खोली केली की दोन गोष्टी एकदम घडतात. हिशेबात नसलेले क्षेत्र वापरात येते आणि एक वाहन रस्त्यावर जाते. पहिल्या गोष्टीचा फायदा एका कुटुंबाला होतो आणि दुसरीचा भार सगळ्यांवर पडतो. कितीही चांगली फरशी बसवली तरी या हिशेबात बदल होत नाही. एफएसआय शिल्लक असेल, वाहनतळाची गरज अन्यत्र भागत असेल आणि बाकीच्या नियमांत ते बसत असेल, तर नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करून, शुल्क भरून बांधकाम नियमित करून घेण्याचा मार्ग आहे. तो पूर्ण होऊन सुधारित नकाशा हाती येईपर्यंत ती जागा ‘खोली’ नसते, ‘बंद केलेला वाहनतळ’ असते.

न्यायालयाने काय म्हटले आहे?

स्टिल्ट कोणाच्या मालकीचा, यावर महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला. मुंबईतील दहिसरची पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि विकासक यांच्यातील हा वाद होता. स्टिल्टमधील वाहनतळाच्या जागा स्वतंत्रपणे विकण्याचा हक्क आपल्याला आहे, असे विकासकाचे म्हणणे होते. न्या. आर. एम. लोढा यांच्या खंडपीठाने ते फेटाळले. महाराष्ट्र सदनिका मालकी कायदा, म्हणजे १९६३ चा ‘मोफा’, सदनिकेच्या व्याख्येत गॅरेजचा उल्लेख करतो हे खरे. पण खांबांमधली मोकळी वाहनतळाची जागा म्हणजे ते गॅरेज नव्हे, ती स्वतंत्र सदनिकाही नव्हे, ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, शब्द आणखी काटेकोर केले. या कायद्यातील गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती लागतात. खुला वाहनतळ सामाईक क्षेत्रात मोडतो. चटईक्षेत्र म्हणजे सदनिकेचे निव्वळ वापरण्याजोगे क्षेत्र. त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, तर बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे मार्ग, खासगी बाल्कनी व व्हरांडा आणि खासगी खुली गच्ची वगळली जाते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनी ‘आच्छादित वाहनतळा’ची वेगळी व्याख्या केली असून त्यात तळघर, स्टिल्ट, पोडियम आणि यांत्रिक वाहनतळ येतात. रेराखालच्या नव्या प्रकल्पांत अशी जागा करारात क्रमांकासह, वेगळी किंमत लिहून देता येते.

यातून दोन काळांचे दोन नियम दिसतात. जुन्या इमारतीत ‘स्टिल्ट माझ्या नावावर आहे’ असे विक्रेता म्हणत असेल, तर त्या दाव्याला २०१० च्या निकालाची कसोटी लावावी लागते. नव्या इमारतीत करार पाहावा लागतो. पण दोन्ही काळांत उत्तराचा एक भाग समान आहे. वाहनतळाचा हक्क मिळाला तरी तो वाहन उभे करण्याचा हक्क आहे, तिथे स्वयंपाकघर थाटण्याचा नाही.

कागद बाजूला ठेवला, तरी ती जागा राहण्याजोगी असते का?

वर्गीकरणाचा हा दुसरा आणि बहुतेक वेळा विसरला जाणारा भाग आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार माणसांच्या वास्तव्यासाठीच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी, गॅरेजला २.४ मीटर पुरते. मुख्य इमारतीचे जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे लागते, आच्छादित वाहनतळाला १५ सेंटिमीटर चालते. म्हणजे मोटारीसाठी बांधलेली जागा मुळातच बुटकी आणि जमिनीलगतची असते. त्यावर फरशी घातली की उंची आणखी कमी होते आणि खोट्या छताने उरलीसुरली जाते.

जोत्यातला हा ३० सेंटिमीटरचा फरक पावसाळ्यात कळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा मुंबईत पाणी आधी शिरले ते तळमजल्यांवर. अमेरिकेतही १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क शहरात किमान ११ जणांचा मृत्यू तळघरात थाटलेल्या घरांमध्ये झाला. त्या जागा ‘तयार’ होत्या, भाड्यानेही दिल्या जात होत्या. पण पाणी आल्यावर बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

प्रश्न बांधकामाच्या सुरक्षेचाही आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमधील खांबांवर उभ्या असलेल्या अनेक इमारती कोसळल्या. मोकळा तळमजला वरच्या मजल्यांपेक्षा लवचीक राहतो आणि धक्का तिथेच एकवटतो, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. मग स्टिल्टमध्ये भिंती घातल्या तर इमारत बळकट होईल, असा समज आहे. तो अर्धवट आहे. एका कोपऱ्यात भिंती आणि दुसरीकडे मोकळे खांब अशी विषम रचना झाली, तर धक्क्यात इमारतीला पीळ बसतो. आणि दार रुंद करण्यासाठी खांब किंवा तुळई तासली गेली तर बोलायलाच नको. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामाकडे तेव्हा बोट दाखवले गेले. तळमजल्यावरची एक खोली वरच्या सगळ्या घरांच्या जिवाशी जोडलेली असते, ती अशी.

एकाच खोलीची चार मूल्ये कशी निघतात?

सामान्य माणसाला सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही, की प्रत्येक कार्यालय त्या खोलीकडे वेगळ्या नजरेने पाहते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मंजूर सदनिका ५०० चौरस फूट, बंद केलेला स्टिल्ट २०० चौरस फूट आणि परिसरातील दर प्रति चौरस फूट १५ हजार रुपये.

विक्रेत्याचा हिशेब सरळ असतो : ७०० गुणिले १५ हजार, म्हणजे १ कोटी ५ लाख रुपये.

बँकेचा हिशेब मंजूर क्षेत्रापाशी थांबतो : ५०० गुणिले १५ हजार, म्हणजे ७५ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांवरील ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. खरेदीदाराने मनात १ कोटी ५ लाखांवर ७८ लाख ७५ हजारांचे कर्ज धरलेले असते, पदरात पडतात जास्तीत जास्त ६० लाख. स्वतःच्या खिशातून घालायची रक्कम २६ लाख २५ हजारांवरून ४५ लाखांवर जाते. टोकन दिलेले असते, मुदत ठरलेली असते आणि वर १८ लाख ७५ हजार उभे करायचे असतात.

मुद्रांक विभाग वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावर, म्हणजे रेडी रेकनरवर चालतो. त्यात आच्छादित वाहनतळाचे मूल्य ढोबळमानाने सदनिकेच्या दराच्या पाव पट धरले जाते. बाजारभाव आणि रेडी रेकनर एकच आहेत असे समजले, तर २०० चौरस फुटांचे साडेसात लाख होतात, तीस लाख नव्हे. पण शुल्क तक्त्यातील मूल्य आणि करारातील किंमत यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. त्यामुळे १ कोटी ५ लाखांचा करार करणारा खरेदीदार, ज्याला कायद्याने घर म्हटलेले नाही, त्या जागेसाठीही घराच्या भावाने शुल्क भरतो.

चौथा हिशेब पुनर्विकासाचा. त्यात सगळ्यात मोठा धक्का बसतो. मुंबईत जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी नियम ३३(७)(ब) अन्वये प्रोत्साहनपर क्षेत्र मिळते. ते अस्तित्वातील अधिकृत बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल तेवढे असते. इथे ‘अधिकृत’ हा शब्द निर्णायक आहे. समजा, विकासकाने सभासदांना सध्याच्या चटईक्षेत्रापेक्षा ३० टक्के जास्त देऊ केले. वरच्या मजल्यावरच्या ५०० फूटवाल्याला ६५० चौरस फूट मिळतात आणि तो खूश होतो. तळमजल्यावरच्यालाही ६५०च मिळतात, पण तो ७०० फुटांचे पैसे मोजून आलेला असतो. नव्या टॉवरमध्ये त्याचे घर जुन्यापेक्षा ५० फुटांनी लहान होते. इथून सभा, हरकती, न्यायालय असे सुरू होते आणि सगळ्यांचेच काम अडून बसते.

मालमत्ता कराची पावती हा पुरावा नाही का?

‘पंधरा वर्षे कर भरतोय, मग बेकायदा कसे?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक सोसायटीत ऐकू येतो. महापालिका कर लावते तो अस्तित्वातील बांधकाम आणि त्याचा वापर पाहून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ मध्ये बेकायदा बांधकामावर शास्तीची तरतूद आहे आणि अशी वसुली म्हणजे बांधकाम नियमित झाले असा अर्थ होत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. पिंपरी-चिंचवडकरांना ‘शास्तीकर’ या शब्दाची वेगळी ओळख करून द्यायला नको. वीजजोडणी, गॅसजोडणी, त्या पत्त्यावरचे आधार कार्ड या गोष्टी माणूस तिथे राहतो एवढेच सांगतात. ती जागा राहण्यासाठी मंजूर आहे, हे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रच सांगू शकते.

न्यायालयांचा कलही कडक होत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठमधील एका प्रकरणात निकाल देताना बांधकाम पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र पडताळूनच बँकांनी कर्ज द्यावे, असे निर्देश दिले. बांधकाम कितीही जुने असले, त्यावर कितीही खर्च झालेला असला, तरी तेवढ्याने ते कायदेशीर ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता.

अमेरिकेत हा प्रश्न कसा हाताळतात?

दोन ते चार कुटुंबांच्या घरांची तिथे मोठी परंपरा आहे. तळाशी मजला किंवा अर्धवट जमिनीत गेलेले तळघर असते आणि ते सजवून भाड्याने दिले जाते. गृहकर्जाच्या बाजारातील ‘फॅनी मे’ या संस्थेने एका कुटुंबाच्या घरांच्या मोजणीसाठी १ एप्रिल २०२२ पासून एक प्रमाणित पद्धत सक्तीची केली. तिच्यानुसार एखाद्या मजल्याचा कोणताही भाग जमिनीखाली असेल तर तो पूर्ण मजला मुख्य निवासी क्षेत्रातून वेगळा दाखवावा लागतो, त्याची सजावट कितीही उत्तम असो. दोन ते चार कुटुंबांच्या इमारतींत मात्र एकूण तयार क्षेत्र मोजतात. जमिनीवरचे, जमिनीखालचे, आतले जिने आणि वाटाही त्यात येतात. अट एवढीच, की ज्या इमारतींशी तुलना करायची त्यांचीही मोजणी अगदी तशीच केलेली असली पाहिजे. परवानगीशिवाय वाढवलेले बांधकाम आढळले, तर त्याचा दर्जा आणि बाजारमूल्यावरचा परिणाम अहवालात स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.

तिथली व्यवस्था जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, कारण तिथे स्टिल्ट आपल्याइतका सर्रास नाही आणि एफएसआयची आपल्यासारखी टंचाईही सर्वत्र नाही. पण दोन सवयी घेण्याजोग्या आहेत. एक, तुलना करताना दोन्ही बाजूंना एकच माप लावणे. शेजारच्या इमारतीतील तळमजला ‘७०० फूट, १ कोटी’ला गेला, हे उदाहरण त्या ७०० मध्ये बंद केलेला स्टिल्ट होता की नव्हता हे न पाहता वापरले, तर एक चूक पुढच्या दहा अहवालांत जाते. दोन, वादग्रस्त जागा लपवण्याऐवजी तिला स्वतंत्र ओळ देणे.

मग मूल्यनिर्धारकाने ती जागा शून्य धरावी का?

नाही. पूर्ण घर धरणे जसे चूक, तसे डोळे मिटून ‘जागा नाही’ म्हणणेही चूक. त्या खोलीचा वापर खरा आहे, तिचे भाडे खरे आहे आणि तिच्यापासून असलेला धोकाही खरा आहे. अहवालात ती आलीच नाही, तर बँकेला जोखीम कळत नाही आणि खरेदीदाराला इशारा मिळत नाही. कित्येकदा घडते ते असेच. अहवालात फक्त ‘५०० चौरस फूट’ येते, कारण सांगितले जात नाही. ग्राहकाला वाटते बँक अडवणूक करते आहे, आणि तो चढ्या व्याजाने दुसरीकडून उरलेले पैसे उचलतो. ज्या धोक्यापासून त्याला वाचवायचे, त्याच धोक्यात तो अधिक कर्ज घेऊन शिरतो.

चांगल्या अहवालात तळमजल्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. मंजूर नकाशात ही जागा काय आहे? आज तिचा वापर काय आहे आणि उंची, जोते, उजेड, वारा, बाहेर पडण्याची वाट या कसोट्यांवर ती राहण्याजोगी आहे का? आणि विक्रेत्याचा तिच्यावर हक्क कोणता, म्हणजे सदनिकेचा, वाहनतळाचा की सामाईक जागेचा नुसता ताबा? ही तीन उत्तरे आली की दर आपोआप वेगळा होतो. मंजूर असेल तर सदनिकेचा दर. वाहनतळाचा रीतसर हक्क असेल तर वाहनतळाचा दर. नियमित होण्याची वास्तव शक्यता असेल तर त्याचे शुल्क आणि खर्च वजा करून येणारे मूल्य, तेही वेगळ्या ओळीत आणि अटीसह. नुसता ताबा असेल तर मूल्य नाही, पण जागा मोकळी करून पूर्ववत करण्याच्या खर्चाची नोंद हवी.

सोसायटी आणि सरकार यांचे काय?

दोष एकट्या खरेदीदाराचा किंवा मूल्यनिर्धारकाचा नाही. स्टिल्ट बंद होताना शेजारी पाहत असतात. पदाधिकारी ‘आपल्याला काय करायचे’ म्हणतात, कारण उद्या त्यांनाही बाल्कनी आत घ्यायची असते. महापालिका कर घेते आणि नोटीस फाइलमध्ये राहते. नोंदणी कार्यालयात करारात लिहिलेले क्षेत्रफळ मंजूर नकाशाशी जुळते का, हे तपासण्याची व्यवस्था नाही. चार कार्यालये चार शब्द वापरतात आणि त्या चारांमधल्या फटीत व्यवहार होतो.

ही फट बुजवणे अवघड नाही. मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्रे इमारतीनिहाय ऑनलाइन उपलब्ध झाली आणि दस्त नोंदवताना सदनिकेचे मंजूर क्षेत्र त्यावरून आपोआप समोर आले, तर ७०० आणि ५०० मधला फरक टोकन देण्याआधीच दिसेल. सोसायटीने ना-हरकत पत्र देताना ‘तळमजल्यावरील या जागेचा मंजूर वापर वाहनतळ’ एवढे एक वाक्य लिहिले, तरी पुष्कळ वाद टळतील. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या पुनर्विकास मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेने आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमून व्यवहार्यता अहवाल करून घ्यायचा असतो. त्याच टप्प्यावर तळमजल्याची मंजूर आणि प्रत्यक्ष अशी दोन रकान्यांची यादी सभेपुढे ठेवली, तर निविदा उघडल्यावर भांडण होणार नाही.

खरेदीदाराला मात्र या सुधारणांची वाट पाहायची गरज नाही. तळमजल्याचे घर आवडले, तर टोकन देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मंजूर नकाशाची प्रत मागावी, नसेल तर नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा. नकाशावर आपले बोट ठेवून प्रत्येक खोली शोधावी. जी खोली तिथे सापडत नाही, तिचे पैसे घराच्या भावाने देऊ नयेत. विक्रेता ‘सगळे असेच राहतात’ म्हणाला, तर त्याला नकाशा दाखवून किंमत पुन्हा बोलावी. आई-वडिलांना जिना चढावा लागू नये म्हणून घेतलेले घर त्यांना म्हातारपणी सोडावे लागू नये, यासाठी तेवढा एक हेलपाटा नक्कीच मोलाचा आहे.